क्रोशे हुकचा सेट, पोतंभर ॲक्रिलिक धागा आणि साधं शिलाई मशीन: ९ महिने वापरल्यावर

घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर तिन्ही वस्तूंना पैकीच्या पैकी मार्क दिले असते आणि आज तोंड लपवायची वेळ आली असती, म्हणून मुद्दाम थांबले. आता ९ महिने झालेत. एवढ्यात घरच्यांना द्यायला आणि दान करायला मिळून ५३ टोप्या, ४ ब्लँकेटं, ११ पिशव्या, आईची शाल, भाच्याचा हत्ती आणि ७ ऑक्टोपस झाले (हो, ऑक्टोपसच, पुढे सांगते). त्यातलं निम्मं तरी एकदा धुवून परत माझ्या हातात आलंय, कुणी दाखवायला आणलं, कुणी दुरुस्तीला आणि कुणी सरळ तक्रार करायला. खरा रिव्ह्यू तिथेच कळतो, देताना सगळ्याच वस्तू छान दिसतात.

आधी हुक. रबरी मुठीचा ९ हुकांचा सेट आहे, २ ते ६ मिमी. आधी माझ्याकडे ॲल्युमिनियमचे बारीक हुक होते आणि तासभर विणलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा, म्हणून हा घेतला. फरक पडला का? पडला, पण सेटची जाहिरात म्हणते तेवढा नाही. मूठ जाड असल्याने चिमटीत घट्ट धरावं लागत नाही एवढं खरं, पण दुखणं कमी झालं ते जास्त करून पकड बदलल्यामुळे. मी पेन धरतात तसा हुक धरायचे, आता सुरी धरतात तसा वरून धरते, आणि अर्ध्या तासाने उठतेच उठते. मूठ कितीही मऊ असली तरी तीन तास बसून टोपी संपवायचा हट्ट धरला तर मनगट बोलणारच.

पाचव्या महिन्यात ४ मिमीच्या हुकाची मूठ सैल होऊन आतल्या आत फिरायला लागली. तोच सगळ्यात जास्त वापरात, बाकीचे आठ अजून नव्यासारखे. गोंद घालून बसवली, महिनाभर टिकली, परत फिरली. दुसरं म्हणजे मुठीवर छापलेले आकडे पुसले गेले. ३.५ आणि ४ डोळ्यांना सारखेच दिसतात हो, आणि अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय असं वाटत असेल तर सांगते, त्याच टाक्यांची तीच टोपी घेरात जवळजवळ २ सेंटिमीटर लहान झाली. आता नेलपॉलिशचे ठिपके लावलेत, ३.५ ला एक, ४ ला दोन. रबराला धाग्याचा भुसा चिकटतो तो वेगळाच, ओल्या फडक्याने पुसायचं.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. या सेटच्या हुकांचा गळा निमुळता आहे, म्हणजे टोकाच्या खाली बारीक होत जातो आणि मग पूर्ण जाडीचा दांडा सुरू होतो. टाका त्या दांड्यावर नेऊन बसवला तरच हुकावर लिहिलेल्या मापाचा होतो. मी गळ्यातच टाके ओढत होते, म्हणून सगळं विणकाम आवळलेलं, पुठ्ठ्यासारखं. आईने पहिली टोपी हातात घेऊन विचारलं, "हे डोक्यावर घालायचं की भिंतीवर टांगायचं?"

आता धागा. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आपण सरसकट सगळ्याला लोकर म्हणतो. दुकानात मिळणारी रंगीबेरंगी "लोकर" बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेला प्लास्टिकचा धागा, मेंढीचा काही संबंध नाही. मी त्याला नावं ठेवत नाहीये, माझ्या देण्याच्या वस्तूंतल्या बऱ्याचशा त्याच्याच आहेत. मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं, कसर लागत नाही, लोकर टोचणाऱ्यांना टोचत नाही. पण घाम शोषत नाही, घासलं जाईल तिथे गोळे धरतं आणि उष्णता अजिबात सहन करत नाही. आईची शाल मी दीड महिना विणली आणि कडा वळतायत म्हणून द्यायच्या आदल्या रात्री त्यावर गरम इस्त्री ठेवली. दोन सेकंद. तेवढा भाग चपटा, चकचकीत आणि मेलेला झाला, उभारी गेली ती गेलीच. नंतर कळलं की काही जण शाल अंगावर नीट पडावी म्हणून वाफेने मुद्दाम असं करतात आणि त्याला "किलिंग"च म्हणतात, पण ते सगळ्या वस्तूला सारखं करायचं असतं, एका कोपऱ्याला नाही. आणि एकदा झालं की परत फिरणं नाही. आता मी ओलं करते, टॉवेलवर पसरून टाचण्या लावते आणि वाळू देते. आई ती शाल वापरते, तो कोपरा आत दुमडून.

खरी लोकर मी एकदाच वापरली, नणंदेच्या बाळाच्या टोपीला. फार सुंदर झाली होती. तिच्याकडे ती बाकीच्या कपड्यांसोबत गरम पाण्यात मशीनला गेली आणि बाहेर आली ती बाहुलीच्या मापाची, नमद्यासारखी घट्ट. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासणं दोन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. "सुपरवॉश" लिहिलेल्या लोकरीवर यासाठीच प्रक्रिया केलेली असते. चूक नणंदेची नव्हतीच, मी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक भेटीसोबत गुंड्याचं लेबल आणि उरलेल्या धाग्याची छोटी गुंडाळी पाकिटात घालून देते, धुवायचं कसं तेही कळतं आणि उसवलं तर त्याच धाग्याने सांधता येतं.

कॉटन धागा मला स्वतःला सगळ्यात आवडतो पण त्याचं वजन लक्षात घ्या. ताण दिला की परत आकसत नाही, नुसतं लांबत जातं. पहिल्या क्रोशे पिशवीचे बंद खांद्यापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत आले. चकाकणारा, मर्सराइज्ड लिहिलेला कॉटन घेतला तर टाके जास्त स्वच्छ दिसतात. जॉन मर्सर नावाच्या इंग्लिश माणसाला १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचा हा गुण सापडला म्हणून ते नाव, सोड्याने तंतू फुगतो, रंग चांगला धरतो. पण चांगला धरतो म्हणजे सोडत नाही असं नाही. लाल आणि पांढरा एकत्र विणायच्या आधी लाल धाग्याचा तुकडा गरम पाण्यात टाकून बघा. मी बघितला नाही, आमच्याकडे एक गुलाबी ब्लँकेट आहे.

लॉट नंबरबद्दल (एकाच खेपेत रंगवलेल्या गुंड्यांच्या लेबलवर असतो तो सारखा नंबर) फक्त एवढंच, गुंडे कमी पडून नंतर आणले तर त्याच नावाचा रंगही वेगळा निघतो आणि ब्लँकेटवर सरळ पट्टा दिसतो.

दानाच्या टोप्यांची गोष्ट. एका रुग्णालयाच्या नवजात विभागात पहिला गठ्ठा घेऊन गेले, १४ टोप्या, मनात म्हटलं आता किती कौतुक होईल. सिस्टरनी ५ ठेवल्या, ९ परत दिल्या, आणि अगदी शांतपणे प्रत्येकीचं कारण सांगितलं. दोन लोकर मिसळलेल्या होत्या, तिथलं धुणं गरम पाण्यात होतं. तीनवर गोंडे होते, ते सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. एक जाळीदार होती, त्या भोकांत बाळाची बोटं अडकतात आणि ऊबही राहत नाही. आणि तीन नुसत्याच मोठ्या. मी पूर्ण दिवसांच्या बाळाचं माप धरलं होतं, डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, आणि तिथली बाळं वेळेआधी जन्मलेली, २५ ते ३० सेंटिमीटरवाली. शिवाय टोपी ताणली जाते म्हणून घेरापेक्षा दोनेक सेंटिमीटर लहानच विणायची असते. रडू आलं नाही असं नाही. पण ज्या ५ ठेवल्या त्या सगळ्यात साध्या होत्या, एकरंगी, मऊ, बिनगोंड्याच्या, ज्या मला स्वतःला गठ्ठ्यात भर म्हणून घातल्यासारख्या वाटत होत्या.

ऑक्टोपसबद्दलही तसंच, आधी विचारलं नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ साली स्प्रुटेग्रुपेन नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने हे सुरू केलं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाशेजारी क्रोशेचा ऑक्टोपस ठेवायचा, म्हणजे बाळ नळ्यांऐवजी त्याचे पाय धरून ठेवतं, कल्पना अशी की ते पाय नाळेसारखे वाटतात. नियम कडक आहेत: १०० टक्के कॉटन, ६० अंशांना धुता यायला हवं, पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, डोळे भरतकामाचे आणि टाके इतके घट्ट की आतला कापूस बाहेर येऊ नये. मी सगळं पाळायचं ठरवून ७ केले आणि मग समजलं की याचा फायदा होतो असं अभ्यासांतून नीट सिद्ध झालेलं नाही आणि माझं रुग्णालय ते घेत नाही. सातातला एक भाच्याकडे आहे, एक माझ्या टेबलावर, बाकीचे ओळखीच्या मुलांनी पळवले.

त्यातला पहिला तर फसलेलाच होता, कारण पॅटर्न ब्रिटिश होता. हे नवीन शिकणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवा, ब्रिटिश पॅटर्नमधलं डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे. मी त्याचे उंच खांब घातले, डोकं चाळणीसारखं झालं आणि त्यातून कापूस डोकावत होता. पॅटर्नमध्ये कुठे "सिंगल क्रोशे" लिहिलेलं दिसलं तर तो अमेरिकन, ही माझी सोपी खूण.

भाच्याच्या हत्तीला मी प्लास्टिकचे सेफ्टी डोळे लावले होते. नावात सेफ्टी आहे, मागून वॉशर बसतो, ओढून निघत नाही. पण डोळा पक्का असून काय उपयोग, क्रोशेचा टाकाच ताणला जातो आणि डोळा वॉशरसकट त्यातून बाहेर येतो. दीड वर्षाच्या पोराने दुसऱ्या दिवशी काढून दाखवला, नशीब मी समोर होते. ३ वर्षांखालच्या मुलांना आता फक्त दोऱ्याने भरलेले डोळे.

मशीनवर थोडक्यात, कारण त्याने मला फार त्रास दिला नाही, मीच त्याला दिला. साधं मेकॅनिकल आहे, १२ टाक्यांचं, त्यातले मी ३ वापरते. पहिले तीन आठवडे कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं व्हायचं. खाली गुंता म्हणजे बॉबीनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा दोष असं समजून मी बॉबीनचा स्क्रू पिळत बसले. दोष वरच्या दोऱ्याचा होता. मी दाब-फूट (कापड दाबून धरतं ते) खाली ठेवूनच दोरा ओवत होते, तेव्हा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करून ओवला, पाच मिनिटांत टीप सरळ. तीन आठवडे मी त्या कंपनीला शिव्या घालत होते.

सुई बदलत जा. साधारण ८ तास शिवणानंतर नवीन, आणि कापडाप्रमाणे नंबर: साध्या सुती कापडाला ८०, कॅनव्हासला ९० किंवा १००, होजिअरीला बॉलपॉइंट, नाहीतर टाके सुटतात. कॅनव्हासच्या चार थरांवर मोटरला जळकट वास यायला लागला, तिथे पेडलवरून पाय काढून चाक हातानेच फिरवते. आणि कापड शिवायच्या आधी धुवा. मी पिशवीचं अस्तर धुतलेलं आणि बाहेरचं कापड कोरं घेतलं, पहिल्या धुण्यात बाहेरचं आटलं आणि पिशवीला सुरकुत्या पडल्या. क्रोशेच्या पिशवीला मशीनवर अस्तर लावायच्या भानगडीत पडू नका, फूट टाक्यांत अडकतं आणि कापड सरकवणारे खालचे दाते विणकाम ओढून लांब करतात. हाताने शिवा. त्या गुडघ्यापर्यंत आलेल्या बंदांना मी आतून कापडाची पट्टी हातानेच लावली, चार महिने झाले, तिथल्या तिथे आहेत.

आणि शेवटची टोकं. कंटाळवाणं काम, पण ज्या वस्तू दुरुस्तीला परत आल्या त्यातल्या बऱ्याच यानेच आल्या. गाठ मारून धागा कापला की धुण्यात गाठ सुटते, ॲक्रिलिकची तर हमखास, गुळगुळीत असतं ना. १५ सेंटिमीटरचं शेपूट ठेवायचं आणि मोठ्या नेढ्याच्या सुईने एकदा इकडे, एकदा तिकडे, मग परत इकडे असं तीनदा ओवायचं. मी हे आता रंग बदलला की लगेच करते, शेवटी ४० टोकं घेऊन बसायला लागलं तर एखादं ब्लँकेट कपाटातच राहतं. माझं राहिलंय एक.

परत घेईन का? मशीन, हो, हेच. हुकचा पूर्ण सेट नाही, ३.५, ४ आणि ५ असे तीनच सुटे, तेही अखंड लाकडाचे, फिरणारी मूठच नको. धागा मात्र आता कुणाला द्यायचंय आणि ते घर कपडे कसं धुतं हे विचारल्याशिवाय घेत नाही. सिस्टरनी मागच्या महिन्यात माप लिहून चिठ्ठी दिलीये: २८ सेंटिमीटर, एकरंगी, गोंडा नको, २० हव्यात. १२ झाल्यात.