सनटूर एक्ससीएम: स्वस्तातला शॉकअप, आणि तो का ‘बसतो’

‘पुढचा शॉकअप जाम झालाय, नवीन टाकावा लागेल’ हे वाक्य पावसाळा सरला की सायकल दुकानांत हमखास ऐकू येतं. सुरुवातीच्या किमतीच्या माउंटन बाइकवर बहुतेक वेळा एसआर सनटूरचा एक्ससीएम नाहीतर त्याचा धाकटा भाऊ एक्ससीटी असतो. त्यांना ‘बदलायच्या लायकीचे’ म्हणून मोडीत काढायची पद्धतच पडली आहे. एक्ससीटीचं ठीक आहे. एक्ससीएमला मात्र इतक्या लवकर मोडीत काढणं अन्यायाचं आहे, कारण जाम झालेल्यांपैकी बऱ्याच चिमट्यांना (फोर्कना, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या याच शॉकअपना) हवं असतं ते दहा-पंधरा ग्रॅम ग्रीस आणि दीड तासाचं काम.

आत काय असतं ते आधी पाहू. डाव्या पायात स्टीलची कॉइल स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावर प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, घुंडी. उजव्या पायात, हायड्रॉलिक लॉकआउटचं (तेलाने शॉकअपची हालचाल अडवता येणारं) मॉडेल असेल तर, तेलाचं बंद कार्ट्रिज, म्हणजे उसळी आवरणारं नळकांडं. वरच्या नळ्या क्रोम चढवलेल्या स्टीलच्या, खालचे पाय मॅग्नेशियमचे, मध्ये प्लॅस्टिकचे बुश (ज्यांच्यातून नळी सरकते त्या कड्या) आणि तोंडाशी रबरी सील. महागड्या फोर्कमध्ये खालच्या पायांत थोडं मोकळं तेल असतं, ते प्रत्येक हेलकाव्याला नळीला भिजवत राहतं. इथे तसं तेल नाही, जे काही आहे ते ग्रीसवर. म्हणूनच ‘रात्रभर सायकल उलटी टांगून ठेवा, शॉकअप मऊ होतो’ हा सल्ला एक्ससीएमच्या काही कामाचा नाही. भिजवायला आत तेल असायला तर हवं!

बिघाडाचं मूळही याच रचनेत आहे. कारखान्यातून ग्रीस बेताचंच लावून येतं. पहिल्याच पावसात सीलच्या ओठाखालून पाणी शिरतं, ग्रीसचं पांढरट लोणी होतं, त्यात जांभ्याची लाल धूळ कालवली की पॉलिश पेपरसारखा लगदा तयार. वर प्रेशरचा पाइप थेट सीलवर मारून सायकल धुतली, तर हेच सगळं एका दिवसात होतं. स्टीलची नळी गंजते, गंजाच्या खड्ड्याची कड सीलचा ओठ कापते आणि पाण्याला वाट आणखी मोकळी होते.

कंपनी प्रत्येक राइडनंतर नळ्या आणि सील पुसायला सांगते, ५० तासांनी पहिली सर्व्हिस आणि १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा मोठी. पावसात चालवणाऱ्यांनी तासांचा हिशोब सोडावा. मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा उघडायचं.

उघडण्याआधी एक गोष्ट तपासा. हँडलवर लॉकआउटची कळ असेल तर तिची केबल सोडून पाहा. केबल जास्त ताणली असेल तर लॉक पूर्ण सुटतच नाही, आणि ‘जाम’ म्हणून आलेला फोर्क मुळात अर्धवट लॉक झालेला निघतो.

आता काम. पुढचं चाक काढा, ब्रेकचं कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सोडून बाजूला बांधा. ब्रेक हायड्रॉलिक असेल तर चाक नसताना कळ दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. प्रीलोड पूर्ण सैल करा. पायांच्या तळाशी खोल बसलेले बोल्ट असतात, मॉडेलप्रमाणे ॲलनचे किंवा नटाचे. नट असेल तर लांब सॉकेट पाना लागतो, रिंग पाना तिथे पोचत नाही. तीन-चार आटे सैल करून बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलके टोले द्या, आतला रॉड सुटतो. मग बोल्ट पूर्ण काढून खालचे पाय ओढायचे. बोल्ट नुसताच फिरत असेल तर आतला रॉड त्याच्यासोबत फिरतोय. एकाने हँडलवर भार देऊन फोर्क दाबून धरावा, दुसऱ्याने फिरवावं.

पाय निघाल्यावर उजव्या रॉडकडे नीट बघा. हा फोर्क वाचवायचा की नाही ते तिथे ठरतं. रॉड हाताने आत दाबून बाहेर ओढा. संथ, सारखा विरोध जाणवला तर कार्ट्रिज ठीक. मध्येच पोकळ जागा लागली, बुडबुड आवाज आला किंवा पायातून तेल गळालं तर ते गेलं. त्याची दुरुस्ती होत नाही, अख्खं बदलतात. सायकलवर त्याचं लक्षण म्हणजे हँडल दाबून सोडलं की पुढचा भाग झटक्यात वर उसळतो.

जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने काढा. खालच्या पायांत फडकं काठीला गुंडाळून फिरवा. स्क्रूड्रायव्हर आत घालू नका, सीलचा ओठ एका ओरखड्यात जातो. दुकानांत हेच काम रॉकेलने उरकतात. रॉकेलने रबर फुगू शकतं, म्हणून स्वस्त पडलं तरी नको. नळीवर गंजाचे ठिपके असतील तर २००० नंबरचा पाणपेपर तेलात भिजवून फक्त ठिपक्यावर फिरवा. खोल खड्डा असेल तर स्वच्छ करून नेलपॉलिशचा थेंब भरा, वाळल्यावर पुन्हा समतल करा. सील जाणाऱ्या पट्ट्यात असे बरेच खड्डे असतील तर ग्रीसवर पैसे घालू नका.

ग्रीस टेफलॉनयुक्त, मऊ, सस्पेन्शनसाठीचंच हवं. चारचाकीच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस लावलं की फोर्क छोट्या खड्ड्यांवर हलतच नाही, आणि ‘सर्व्हिस करूनही तसाच’ अशी तक्रार येते. बुशच्या आतल्या बाजूला आणि सीलच्या ओठामागच्या खाचेत भरपूर, नळीवर पातळ थर, स्प्रिंगलाही एक हात. ‘कर्र-कर्र’ आवाज बऱ्याचदा कोरडी स्प्रिंग नळीला घासल्याचाच असतो. पायांच्या तळाशी मात्र ग्रीसचा गोळा साठू देऊ नका. जोडताना दोन्ही पाय एकाच वेळी, किंचित तिरपे धरून चढवा आणि सीलचा ओठ आत दुमडला नाही ना ते बोटाने चाचपा. बोल्ट आवळून पंधरा-वीस वेळा दाबा आणि वर आलेलं ग्रीस पुसून टाका.

खडखडीबद्दल एक घोळ नेहमी होतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, बोट नळी आणि सीलच्या सांध्यावर ठेवा. हालचाल तिथे लागली तर बुश झिजलेत. वर, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) कपापाशी लागली तर फोर्कचा काही दोष नाही, हेडसेट आवळा. बुशला किंचित ढिलाई नव्या एक्ससीएमलाही असते, तिच्यामागे लागू नये.

आता उणिवा. वजन अडीच किलोच्या घरात. रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत वर येण्याचा वेग, बहुतेक आवृत्त्यांत बदलता येत नाही. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीचा दबाव बदलतो. १०० मिमी प्रवासाचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) फोर्क सायकलवर बसल्यावर साधारण १५ ते २० मिमी दबायला हवा. वजनदार माणसाचा घुंडी पूर्ण आवळूनही ३० मिमी दबत असेल तर कडक स्प्रिंगच हवी. कंपनी मऊ, मध्यम, कडक अशा तिन्ही बनवते, पण दुकानात मागवल्याशिवाय मिळत नाही. आणि उड्या मारण्यासाठी हा फोर्क नाहीच. लॉक लावून उडी मारली तर कार्ट्रिजचा बळी ठरलेला.

कार्ट्रिज आणि बुश दोन्ही गेले असतील तर खर्च करू नका. तोच पैसा एअर फोर्कच्या (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या फोर्कच्या) हप्त्यात घालावा, सनटूरचाच एक्ससीआर एअर किंवा रॉकशॉक्सचा जुडी. त्याआधी फ्रेमचा हेडट्यूब (फोर्कची वरची दांडी जिच्यातून जाते ती नळी) मोजा. एक्ससीएमच्या जागी सरळ २८.६ मिमी स्टिअररचा (म्हणजे त्या वरच्या दांडीचा) लागतो की टेपर्ड (खाली जाड होत जाणारा) चालतो हे न बघता मागवलेले फोर्क परत पाठवण्यात पंधरवडा जातो. ॲक्सलही (चाकाचा आस) पाहा. एक्ससीएम बहुतेकदा ९ मिमी क्विक रिलीजचा (कळीने चटकन सुटणाऱ्या ॲक्सलचा) असतो, आणि १५ मिमी ॲक्सलचा फोर्क आणला तर चाकाचा हबही बदलावा लागतो.