आरस्टुडिओमधले बॅकग्राउंड जॉब्स: आठ महिने रोज वापरून

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधल्या कांद्याच्या भावावर माझं थीसिसचं काम चालू आहे, आकडेमोड आर या प्रोग्रामिंग भाषेत, आणि आर वापरायच्या आरस्टुडिओ या ॲपमध्ये. मिक्स्ड मॉडेल (एक संख्याशास्त्रीय मॉडेल) आणि त्यावर 2000 वेळा बूटस्ट्रॅप (तेच मॉडेल पुन्हा पुन्हा नव्या नमुन्यांवर चालवणं), म्हणजे एकदा रन दिलं की चार-पाच तास गेलेच, आणि तोवर कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, अडकलेला, साधी सरासरी काढायची म्हटली तरी थांबा. आर एका सेशनमध्ये एका वेळी एकच काम करतं ना. मग सोर्स बटणाच्या शेजारच्या बाणाखाली 'सोर्स ॲज बॅकग्राउंड जॉब' दिसलं आणि तेव्हापासून रोज तेच वापरतेय.

होतं काय, तर तुमची स्क्रिप्ट एका वेगळ्या, कोऱ्या आर प्रोसेसमध्ये चालते आणि तुमचा कन्सोल मोकळा राहतो. स्क्रिप्टमध्ये कमेंटच्या शेवटी चार डॅश टाकून सेक्शन पाडले असतील तर जॉब्सच्या टॅबमध्ये सध्या कुठला सेक्शन चालू आहे तेही दिसतं, मला याचा फार आधार वाटतो.

पहिल्या आठवड्यात मात्र जॉब सुरू केला की लगेच एरर, 'ऑब्जेक्ट भाव_साफ नॉट फाउंड'. कन्सोलमध्ये तर तीच स्क्रिप्ट नीट चालत होती! शोधल्यावर कळलं की ते टेबल मी कधीतरी कन्सोलमध्ये हाताने बनवलेलं, स्क्रिप्टमध्ये ती ओळच नव्हती. जॉब सुरू करताना ग्लोबल एन्व्हायर्नमेंटची (चालू सेशनमध्ये बनवलेल्या सगळ्या गोष्टींची) कॉपी न्यायचा पर्याय असतो, तो टिक केला की एरर जाते, पण मी कळकळीने सांगते, तो टिक करू नका. सहा महिन्यांनी गाइडने 'हा आकडा कुठून आला' विचारलं तर ती हरवलेली ओळ तुम्ही कुठून आणणार? कोऱ्या सेशनमध्ये जे चालतं तेच खरं तुमचं काम. माझ्या तीन जुन्या स्क्रिप्ट्समध्ये अशा ओळी गायब होत्या, आणि त्या जॉबमुळेच सापडल्या, नाहीतर थीसिसमध्ये तशाच गेल्या असत्या.

रिझल्ट ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये परत आणता येतो, पण मी दर 200 फेऱ्यांनंतर सेव्हआरडीएस या कमांडने डिस्कवर फाइल लिहिते. कारण हे जॉब तुमच्या मुख्य आर सेशनचीच पिल्लं आहेत, सेशन बंद झालं की तेही बंद. मी एकदा वेगळ्याच कामासाठी सेशन रीस्टार्ट केलं आणि साडेतीन तासांचं काम गेलं, तेव्हा फाइल लिहीत नव्हते. त्यामुळे रात्रभराचं काम असेल तर सरळ सर्व्हरवर नोहपसोबत आरस्क्रिप्ट लावते, म्हणजे आरस्टुडिओशिवाय स्क्रिप्ट चालते आणि मी लॉगआउट केलं तरी थांबत नाही.

बाकी बारीकसारीक: ग्राफ प्लॉट्सच्या पेनमध्ये येत नाहीत, जीजीसेव्हने फाइलमध्ये सेव्ह करा. पॅकेज लोड करणाऱ्या लायब्ररीच्या ओळी आणि सेट सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारी ओळ) स्क्रिप्टमध्येच हवं. रीडलाइनने स्क्रिप्ट चालवणाऱ्याला काही विचारत असाल तर ते काढा, तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं.

आणि एक, यामुळे कोड फास्ट होत नाही हं, बरेच जण तसं समजतात. मी बूटस्ट्रॅपचे चार तुकडे करून चार जॉब लावले, प्रत्येकाला वेगळा सीड, तेव्हा वेळ खरंच कमी लागला, पण प्रत्येक जॉब डेटा स्वतःचा वेगळा लोड करतो, 16 जीबी रॅम भरत आली आणि ब्राउझरसुद्धा अडखळायला लागला. आता तीनच लावते, आणि मॉडेलला नको असलेले कॉलम आधीच काढून टाकते.