फरसबी: वेलाची की झुडपी?

पुतणीला गच्चीत फरसबी लावायचीय, पण वेलाची लावावी की झुडपी, यावर गाडी अडलीय. पाकिटावरचं 'भरघोस उत्पन्न' सोडून देऊ. तेवढं सगळेच छापतात.

जागा: वेलाला जमीन कमी, उंची जास्त लागते. 'केंटकी वंडर'सारखा वाण सहा-सात फूट सहज चढतो. 'अर्का कोमल' किंवा 'कंटेंडर' हे झुडपी वाण दीड-दोन फुटांवर थांबतात.

आधार: खरी मेहनत इथे आहे. फरसबीला काकडीसारखे ताणे नसतात, शेंडाच आधाराला वेटोळे घालत वर जातो. म्हणून नुसती भिंत उपयोगाची नाही आणि गुळगुळीत पीव्हीसी पाइपवरून वेल घसरतो. बांबू किंवा सुतळी उत्तम. गच्चीवर वारा असतो, तेव्हा मांडव पक्का बांधा, आणि तोही बी पेरतानाच. नंतर काठ्या खोचल्या की मुळं दुखावतात. झुडपीला हा व्याप नाही.

तोडणी: झुडपी साधारण 50 दिवसांत सुरू होते, दोन-तीन आठवड्यांत उरकते. वेल आठ-दहा दिवस उशिरा धरतो, पण तोडत राहिलात तर महिना-दीड महिना देतो. शेंगा जून होऊ दिल्या की फुलं कमी होतात.

कडक ऊन दोघींनाही सोसत नाही, फुलं गळतात.

रोज मूठभर ताजी भाजी हवी आणि मांडवाची हौस असेल, तर वेल. चारच कुंड्या, भाड्याचं घर किंवा एकदम किलोभर शेंगा हव्या असतील, तर झुडपी. ती दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरावी.