स्टेट पार्क की खेळ-कार्यक्रमांचं कॅम्पग्राउंड? आरव्हीतून नातवंडांसोबत जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी

मे महिना लागला की आपल्या इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातली बरीच आजी-आजोबा मंडळी लेकीकडे नाहीतर मुलाकडे अमेरिकेला निघतात. नायगारा पाहून झालेला असतो, न्यूयॉर्क झालेलं असतं. मग एखाद्या वर्षी जावई म्हणतात, "बाबा, यंदा आरव्ही घेऊ या." आरव्ही म्हणजे ओटा, झोपायची जागा आणि संडास आतच असलेली गाडी, चाकांवरचं घर. गाडी कोणती, भाडं किती, विमा कसा, हे सगळं मुलं बघतात. आपल्यापुढे प्रश्न येतो तो एवढाच, की मुक्काम कुठे टाकायचा: राज्य सरकारच्या स्टेट पार्कात, की पोहण्याचा तलाव, खेळ आणि रात्रीचा सिनेमा असलेल्या खासगी कॅम्पग्राउंडवर?

आमची लेक शिकागोजवळ राहते, त्यामुळे आमचं फिरणं विस्कॉन्सिनकडे झालं आणि दोन्ही प्रकार राहून पाहिले. गाडीत माणसं सहा: आम्ही दोघं, लेक-जावई, दहा वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. खाली जे लिहिलं आहे ते या सहा जणांच्या हिशेबानं. तुम्ही दोघंच जाणार असाल तर उत्तर बदलेल, तेही पुढे सांगतोच.

स्टेट पार्कात जागा म्हणजे खरोखर जागा. दोन गाड्यांच्या मध्ये झाडी असते, शेजारी बहुतेक वेळा दिसत नाही, फक्त त्याच्या शेकोटीचा धूर येतो. भाडं खासगीपेक्षा बरंच कमी. आणि निसर्गाच्या बाबतीत तुलनाच नको. विस्कॉन्सिनच्या डोअर काउंटीतला (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) पेनिन्सुला स्टेट पार्क 1909 सालचा आहे. तिथं आम्ही दिवसभरासाठी गेलो होतो. 1868 साली बांधलेलं ईगल ब्लफचं दीपगृह मुलांना फार भावलं नाही, पण ईगल टॉवर सगळ्यांनाच आवडला. जुना लाकडी मनोरा पाडून 2021 मध्ये नवा उभा केला, उंची 60 फूट. नुसता जिना ठेवला असता तर आमच्या हिनं खालूनच हात हलवला असता. पण तिथं झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा सुमारे 850 फूट लांबीचा हळूहळू चढत जाणारा रस्ता केलाय, व्हीलचेअरही वर जाते. ही कठड्याला हात लावत, मध्ये दोनदा गुडघा चोळत, थेट वरपर्यंत पोचली. वरून ग्रीन बे या उपसागराचं पाणी, हॉर्सशू बेट, आणि हवा स्वच्छ असली तर पार मिशिगनचा किनारा.

मुलांसाठी स्टेट पार्कात काहीच नसतं असंही नाही. विस्कॉन्सिनच्या पार्कांमध्ये 'विस्कॉन्सिन एक्सप्लोरर' नावाची वयोगटाप्रमाणे पुस्तिका मिळते. पानं ओळखा, पक्षी टिपा, अमुक इतकं पूर्ण केलं की बक्षीस म्हणून बिल्ला. नातवानं ती मन लावून केली. नातीनं पहिल्या पानावर फुलपाखरू रंगवलं आणि पुस्तिका गाडीच्या सीटखाली गेली ती परत शिकागोला सापडली.

आता दुसरी बाजू. खासगी कॅम्पग्राउंडांच्या दोन मोठ्या साखळ्या तुम्ही ऐकल्या असतील. केओए 1962 मध्ये मोंटाना राज्यात बिलिंग्जला सुरू झाली. आणि कार्टूनमधल्या योगी अस्वलाच्या नावाची जेलीस्टोन, तिचं पहिलं कॅम्पग्राउंड 1969 मध्ये याच डोअर काउंटीत, स्टर्जन बेला निघालं. आम्ही राहिलो ते या दोन्हींपैकी नव्हतं, एका कुटुंबानं चालवलेलं होतं. पण साचा बहुतेक ठिकाणी तोच. दारात गाडी थांबली की मनगटावर कागदी पट्टा बांधतात आणि हातात दिवसाचं वेळापत्रक देतात. सकाळी दहाला टी-शर्ट रंगवणं, अकराला गागा बॉल (कुंपणाच्या आत हातानं चेंडू मारायचा खेळ), दुपारी ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्यातून फेरी, संध्याकाळी बिंगो, अंधार पडला की मैदानात पडदा लावून सिनेमा. शिवाय जमिनीत बसवलेली एक भली मोठी हवेची उशी, तिच्यावर पोरं तासन्‌तास उड्या मारतात. शिट्टी घेऊन फिरणाऱ्या कॉलेजच्या मुली सगळ्यांना नावानं हाका मारून गोळा करत होत्या. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळाच्या स्पर्धा असतात ना, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, वेशभूषा, तसंच वातावरण. फरक इतकाच की माइकवर कुणी भाषण करत नाही.

बिंगोला ही स्वतःहून जाऊन बसली. भिशीत तंबोला खेळलेली बाई, तिला शिकवायला काय लागणार! आपल्या तंबोल्यात आकडे 90 पर्यंत, त्यांच्याकडे 75 पर्यंत, आणि तिकिटाच्या मधोमध एक घर फुकटचं. तिसऱ्या डावात तिला चॉकलेटचा बार मिळाला. तो नातीनं तिथल्या तिथं संपवला. इंग्रजी बोलायला बिचकणारी ही बाई दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतल्या आजीला रतलामी शेव देऊन आली, आणि ती आजी डबा परत द्यायला आली तेव्हा त्यात भाजलेले मार्शमेलो होते.

तोटेही सांगतो. जागा एकमेकींना चिकटलेल्या. शेजारी जाळीवर काय भाजतोय ते वासावरून कळतं, आणि घर शाकाहारी असेल तर संध्याकाळी खिडकी लावून घ्यावी लागते. गोल्फ कार्ट भाड्यानं मिळतात आणि त्या दिवसभर घुरघुरत फिरतात. भाड्याशिवाय मिनी गोल्फचे वेगळे, टी-शर्टचे वेगळे, काही ठिकाणी चारच्या वर माणसं असतील तर त्यांचेही वेगळे. शेवटी बिल पाहून जावई काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुन्हा घातला.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, स्टेट पार्कच बरं. कागदावर मलाही तसंच वाटतं. माझा निर्णय फिरवला तो एका गोष्टीनं. ती जेवणाच्या आधी वाचू नका.

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. चांगल्या पाण्याची एक. दुसरी ग्रे टँक, म्हणजे अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी. तिसरी ब्लॅक टँक, म्हणजे संडास. भाड्याच्या साधारण गाडीत प्रत्येक टाकी तीस-चाळीस गॅलनच्या आसपास धरा. अमेरिकी जोडपं त्यात बरेच दिवस सहज काढतं. आपण सहा जण, पोळ्यांची परात, कुकर, वरणाची पातेली, शिवाय टॉयलेट पेपरवर न भागणारी माणसं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरच्या छोट्या पट्टीवर दोन तृतीयांशचा दिवा लागला, आणि संध्याकाळी नळ सोडायला सगळे बिचकायला लागले.

खासगी कॅम्पग्राउंडवर 'फुल हुकअप'ची जागा घेतली की वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही गाडीपाशीच असतात. पाइप एकदा जोडला की झालं. ग्रे टँकची झडप उघडी ठेवली तरी चालते. ब्लॅकची मात्र बंदच ठेवायची आणि टाकी भरत आली की उघडायची, नाहीतर पातळ तेवढं वाहून जातं आणि बाकीचं तळाशी साचून बसतं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे भांड्यांच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. पाच मिनिटांचं काम. रबरी हातमोजे चढवून जावई करत होते, मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो.

स्टेट पार्कात बहुतेक जागांना फार तर वीज असते. ड्रेनेज जागेवर नसतं, पार्काच्या तोंडाशी एक सामायिक डंप स्टेशन असतं. म्हणजे मुक्कामात टाकी भरली तर अख्खं घर उचलून तिथं न्यायचं. ओट्यावरच्या बरण्या आत, चटईवरचे जोडे आत, बाहेर ओढलेलं छत गुंडाळायचं, विजेची वायर काढायची, चाकांखालच्या ठोकळ्यांवरून गाडी उतरवायची, जाऊन रिकामं करून यायचं आणि परत आल्यावर तीच गाडी पुन्हा सपाट बसेपर्यंत मागे-पुढे, मागे-पुढे. तेवढ्यात फोडणीची कढई कुणीतरी मांडीवर धरून बसायची. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं.

हे टाळायचं म्हणून काटकसर सुरू झाली. अंघोळी पार्काच्या सामायिक न्हाणीघरात. भांडी कागदाची. आणि जावई फार अदबीनं म्हणाले, "बाबा, रात्री जमलं तर बाहेरच्या बाथरूममध्ये..." आता सत्तरीच्या माणसाला रात्री किती वेळा उठावं लागतं ते सत्तरीचा माणूसच जाणे. दोन वाजता टॉर्च घेऊन, पायांत मोजे चढवून (तिथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांतली एक जात लाइम रोग पसरवते), डास मारत मारत जायचं, यायचं, मग झोप कुठली.

निघायच्या दिवशी, रविवारी, सगळ्यांनाच टाकी रिकामी करायची असते. पुढे दहा-बारा गाड्या, प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं. ऊन चढत होतं, नातवंडं मागे भांडत होती, खिडकी उघडावी तर वास, लावावी तर उकाडा. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरची घोषणा ऐकत आलेला इंदूरचा माणूस मी. ओला-सुका कचरा झोपेतही वेगळा करीन, पण सुट्टीच्या शेवटच्या सकाळी या रांगेत उभं राहण्याचं काही मला जमलं नाही. यात पार्काचा दोष नाही. जंगलात प्रत्येक झाडाखाली ड्रेनेज नेलं तर ते जंगल राहणार नाही, हे मलाही कळतं.

तुमच्या घरी कदाचित हे इतकं जाणवणारही नाही. दोघंच असाल, किंवा मुलं कॉलेजातली असतील, तर ती टाकी मुक्कामभर पुरते आणि मग स्टेट पार्कच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण शाळकरी नातवंडं आणि म्हातारे एकाच गाडीत असतील तर मी तरी खासगीकडेच झुकेन. मुलं दिवसभर खेळात असतात, त्यामुळे लेकीला दोन घटका पुस्तक वाचायला मिळतं, हाही त्यातलाच भाग. स्टेट पार्कात मुलांना रमवायचं काम आई-बापाचंच असतं, आणि आई-बाप आधीच आठवडाभराच्या नोकरीनं दमून आलेले असतात. शिवाय खासगीत राहून स्टेट पार्क दिवसाच्या पासावर पाहता येतो. पेनिन्सुला आम्ही तसाच पाहिला.

विजेचं दोन्हीकडे सारखंच सांभाळावं लागतं. भाड्याची गाडी बहुधा 30 अँपिअरची असते, म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॅट. एसी चालू असताना चहाची इलेक्ट्रिक किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की अंधार. सकाळचा चहा गॅसवर करावा.

बुकिंगचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कातल्या जागा अकरा महिने आधी खुल्या होतात, आणि जुलैतल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा मुलं व्हिसाची तारीख शोधत असतानाच संपलेल्या असतात. खासगीत उशिरा जमतं, पण मेअखेरीचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरातला लेबर डे या सुट्ट्यांना बऱ्याच ठिकाणी किमान तीन रात्रींची अट घालतात. सोमवार ते गुरुवार स्वस्त पडतं, फक्त शाळा सुटायच्या आधी गेलात तर आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथं काहीही चालू नसतं, नुसती उशी. म्हणून पैसे भरण्याआधी त्याच तारखांचं वेळापत्रक मागून घ्यायचं. जागा निवडताना खेळाच्या मैदानापासून दोन रांगा मागची घ्यावी. आणि शिकागोहून लाकडं भरून नेऊ नका; झाडांना लागणाऱ्या किडीमुळे स्टेट पार्कात दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणित केलेलीच लाकडं चालतात, जागेवर मोळी विकत मिळते.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. मी लेकीला फोनवर फुल हुकअप एवढे दोनच शब्द सांगितले आहेत. आमच्या हिचं मत अजूनही स्टेट पार्कच्या बाजूनं आहे, तिथं झोप छान लागते म्हणे. तिला कढई धरायला कुणी बसवलं नव्हतं.