निर्वाना, पर्ल जॅम, साउंडगार्डन की अ‍ॅलिस इन चेन्स? एकच धरायचा तर कुठला

भाच्याचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, मामा, ग्रंजमधला सगळ्यात ग्रेट बँड कुठला, एकच नाव सांग, यादी नकोय. आता हा प्रश्न म्हणजे मिसळ कुठली भारी असं विचारण्यासारखा, कोल्हापूरवाला कोल्हापूर म्हणणार, नाशिकवाला नाशिक. पण या चौघांवर मी कॉलेजपासून आजपर्यंत बऱ्यापैकी पैसे आणि त्याहून जास्त रात्री घालवल्यात, त्यामुळे माझं काय झालं तेवढं सांगतो. ग्रंज म्हणजे नव्वदच्या सुमारास अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातून आलेला खरखरीत गिटारांचा रॉक, एवढं पुरे; बाकी सिअ‍ॅटल कुठे आहे, फ्लॅनेलचे शर्ट वगैरे तुम्हाला माहितीय असं धरून चाललोय. मडहनी आणि मेल्विन्स या बँडच्या चाहत्यांनी आत्ताच माफ करावं, त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

निर्वानापासूनच सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. पहिला अल्बम ब्लीच ६०६ डॉलर आणि वर काही सेंटमध्ये रेकॉर्ड झाला आणि दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९९१ मध्ये नेव्हरमाइंड आला, त्याने जानेवारी १९९२ मध्ये चक्क मायकल जॅक्सनला एक नंबरवरून खाली उतरवलं. अपील कोणाचं मोठं यावर वाद घालण्यात अर्थच नाही. एफसी रोडला तो पिवळ्या स्मायलीचा टीशर्ट घालून फिरणाऱ्या दहा पोरांपैकी आठ जणांनी एकही अल्बम पूर्ण ऐकला नसेल (हा माझा अंदाज, मोजायला गेलेलो नाही), पण टीशर्ट आहे ना अंगावर, मग झालं. आणि कॉलेजात हातात पहिल्यांदा गिटार धरलेल्या प्रत्येकाला आपण रॉकस्टार आहोत असं चार कॉर्डमध्ये वाटायला लावलं ते त्यांचा गायक-गिटारवाला कर्ट कोबेन यानेच. आमच्या हॉस्टेलच्या बँडचं तर अख्खं करिअर त्या चार कॉर्डवर झालं, म्हणजे दोन गॅदरिंग.

तरीही निर्वाना माझा नंबर एक नाही. त्याचं कारण इतकं फालतू आहे की सांगायला लाज वाटते, पण निर्णय त्याच्यामुळेच झाला, तेव्हा सांगतो.

काळाघोड्याला रिदम हाऊस हे कॅसेट-सीडीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईला गेलो की तिथे एक चक्कर ठरलेली, आणि तिथूनच मी नेव्हरमाइंडची सीडी आणली. त्याआधी माझ्याकडे मित्राने कॉपी करून दिलेली कॅसेट होती. घरी बाहेरच्या खोलीत सीडी प्लेअर, तिथेच बाबा झोपायचे, मी खाली गादीवर. रात्री जेवणं उरकल्यावर आवाज अगदी बारीक ठेवून सीडी लावली. शेवटचं, बारावं गाणं एकदम संथ, चेलो वगैरे, कर्ट जवळजवळ पुटपुटतोय आणि आवाज नीट येईना म्हणून मी नॉब थोडा वर केला. गाणं चार मिनिटांच्या आत संपलं. शांतता झाली आणि मला तिथेच झोप लागली. आता ज्यांना माहितीय ते आत्ताच हसत असतील. त्या सीडीत शेवटच्या गाण्यानंतर जवळपास दहा मिनिटं काहीच वाजत नाही आणि मग कव्हरवर कुठेही न छापलेला एक सहा-सात मिनिटांचा धिंगाणा सुरू होतो, ड्रम, किंचाळणं, गिटारची मोडतोड, सगळं एकदम. बाबा ताडकन उठून बसले, त्यांना वाटलं स्वयंपाकघरात फडताळ कोसळलं. आई आतून धावत आली. मी अंधारात स्टॉपचं बटण शोधतोय आणि हाताला सारखं पॉझ लागतंय, परत प्ले होतंय. दुसऱ्या दिवशी सीडीच्या डबीवर बाबांच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने, एक लेबल चिकटवलेलं होतं: "रात्री लावू नये". ते लेबल अजून आहे.

म्हणाल की ही काय तुलना झाली? एक छुपं गाणं वाजलं म्हणून बँड खाली टाकला? मान्य, अन्याय आहे. आणि गंमत म्हणजे त्या सीडीच्या अगदी पहिल्या खेपेत तो तुकडा चुकून राहूनच गेला होता, म्हणजे माझ्या नशिबात ती खेप असती तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता. पण त्या रात्रीनंतर एक सवय लागली, निर्वाना लावला की बोट बटणावर. आणि मग हळूहळू लक्षात आलं की मी यांचा एकही अल्बम सोडून देऊन, म्हणजे लावला आणि विसरलो असा, ऐकलेलाच नाही. तीन गाणी, बंद. इन युटेरो हा त्यांचा अल्बम तर अजूनच, रेकॉर्डिंगवाल्या स्टीव्ह अल्बिनीने त्यातले ड्रम असे रेकॉर्ड केलेत की शेजारी कोणी तरी भिंत फोडतंय. ग्रेट आहे, पण माझ्या घरात राहायला येणाऱ्यातला नाही.

आता पर्ल जॅम. घरात चालणारा बँड हवा असेल तर खरं म्हणजे हाच. एडी व्हेडरचा आवाज भारदस्त, सोलो ऐकायला गोड, टेन अल्बम कुठल्याही रॉकवाल्या काकांना आवडतो. १९९५ च्या एका सिनेमाच्या साउंडट्रॅकसाठी व्हेडर नुसरत फतेह अली खानांबरोबर गायलाय, ते मी बाबांना ऐकवलं, बाबा नुसरतचे भक्त. ऐकून म्हणाले, "हा दुसरा कोण आहे? बरा आहे की." स्वयंपाकघर कोसळवणाऱ्यांबद्दल असं कधी बोलले नाहीत. माणसं म्हणूनही पर्ल जॅमबद्दल आदर आहेच. व्हर्सेस अल्बम १९९३ मध्ये पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास खपला आणि यांनी त्याचा एकही व्हिडिओ केला नाही. तिकिटं महाग होतायत म्हणून १९९४ मध्ये टिकेटमास्टर या तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या विरोधात तक्रार केली, बँडमधले दोघं अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन बसले. फॅनसाठी इतकं कोण करतं? आणि चौघांत न तुटता, न संपता आजवर चालू राहिलेला बँडही हाच. फक्त झालं असं की व्हेडरच्या गळ्याची नक्कल नव्वदच्या दशकात इतक्या जणांनी केली की आता मूळ माणूस ऐकतानाही मला नक्कलवालेच आठवतात. त्याची चूक नाही, पण कानाला कोण समजावणार. टेनच्या शेवटी पण एक लपवलेला तुकडा आहे बरं का, पण तो सभ्य आहे, कोणाची झोप मोडत नाही.

साउंडगार्डनबद्दल थोडं जपून लिहितो कारण वाजवणाऱ्या मंडळींचं दैवत आहे ते. किम थायिल, त्यांचा गिटारवाला, त्याचे आईवडील केरळचे, हे कळल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जो तो कॉलर ताठ करून फिरत होता, जणू आमच्याच गल्लीतला. आणि त्यांचा गायक क्रिस कॉर्नेलसारखा गळा या चौघांत दुसरा नाही, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. बॅडमोटरफिंगर अल्बममधलं आउटशाइन्ड हे गाणं आम्ही बसवायला घेतलं होतं. ड्रमवाला दर वेळी कडव्यात घसरायचा. शेवटी तबला शिकलेला एक मित्र कोपऱ्यात बसून चहा पित होता तो वैतागून म्हणाला, अरे येड्यांनो सात मात्रा आहेत, रूपक आहे, आणि मांडीवर ती ती ना धी ना धी ना वाजवून दाखवलं. बसलं की एकदम चपखल! मग ध्रुपद आलं, तिथे ते गुपचूप चारवर जातं, आणि परत सगळे खड्ड्यात. तर साउंडगार्डन असा आहे, डोक्याला खुराक. पण दमवतो. सुपरअननोन हा अल्बम ७० मिनिटांचा आहे आणि पन्नासाव्या मिनिटाला मी प्रामाणिकपणे सांगतो, माझं लक्ष मोबाइलवर जातं. वाजवत असाल तर डोळे मिटून हाच घ्या.

राहिला अ‍ॅलिस इन चेन्स. पहिला आक्षेप ठरलेला, हे ग्रंज नाहीच, मेटल आहे. असेलही. १९९१ मध्ये स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्सच्या टूरवर यांना आधी वाजवायला उभं केलं होतं आणि मेटलवाल्या पब्लिकने हाकलायचंच बाकी ठेवलं होतं, म्हणजे मेटलवाले म्हणतात आमचे नाहीत, ग्रंजवाले म्हणतात त्यांचे आहेत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: भयंकर अंधार. डर्ट हा १९९२ चा अल्बम व्यसनाच्या आतून गायलेला आहे आणि तो रोज ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मूड आधीच खराब असेल तर अजिबातच नको. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातही पाऊण मिनिटाचा एक आरडाओरडीचा तुकडा आहेच. पण तो मधे आहे, तुम्ही जागे असताना.

पण यांचा गायक लेन स्टेली आणि गिटारवाला जेरी कँट्रेल एकत्र गायला लागले की माझे बाकीचे सगळे मुद्दे गळून पडतात. बाकी तिघांकडे एक मोठा आवाज आहे, इथे दोन. दोघं गळ्यात गळा घालून चालतात पण एकाचा पाय सारखा दुसऱ्याच्या पायावर पडतोय असं काहीतरी, गोड म्हणावं तर बोचतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं एकाच माणसाने दोनदा रेकॉर्ड केलंय.

आणि मग जार ऑफ फ्लाइज, त्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड. माझ्यासाठी इथे निकाल लागला. १९९३ मध्ये टूरवरून परत आले तर भाडं न भरल्यामुळे घर गेलेलं, म्हणून स्टुडिओतच मुक्काम ठोकला आणि आठवडाभरात सात गाणी करून मोकळे झाले. जानेवारी १९९४ मध्ये आला तो थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत, एक नंबरवर, कुठल्याही ईपीला तोपर्यंत ते जमलेलं नव्हतं. म्हणजे लोकांना आवडत नाही, अपील नाही, असं जे म्हणतात त्यांनी हे एकदा बघावं. अर्धा तास, गिटार बहुतेक अकूस्टिक, आणि शेवटचं गाणं तर जवळजवळ चेष्टा केल्यासारखं आहे, थोडं हलकंच म्हणा. पण त्यानंतर संपतो. खरंच संपतो. बाहेरच्या खोलीत, रात्री, बाबा घोरतायत आणि मी बोट बटणावर न ठेवता अख्खा ऐकला, आवाजाचा नॉब एकदाही खाली करावा लागला नाही. बाबा झोपेतच कूस बदलून म्हणाले, "हे कोणते?" मी म्हटलं, तेच, सिअ‍ॅटलवाले. म्हणाले, "नाही, ते नाहीत."

तर भाचेबुवा, टीशर्ट घालून मित्रांत मिरवायचं असेल तर निर्वाना, त्यात काही कमीपणा नाही, सगळ्यांचा रस्ता तिथूनच जातो. गाडीत सगळे असतील तर पर्ल जॅम. गिटार शिकतोयस तर साउंडगार्डन, पण तबल्याचा क्लास लाव आधी. आणि एकटा असशील, रात्र असेल, तर जार ऑफ फ्लाइज लाव, मग त्यांचा १९९६ चा अनप्लग्डचा, म्हणजे अकूस्टिक वाद्यांवरचा, कार्यक्रम बघ, जवळपास अडीच वर्षांनी स्टेजवर आलेला लेन काळा चष्मा लावून स्टुलावर बसलाय, शब्द विसरतो, परत सुरू करतो आणि कोणी त्याला घाई करत नाही. डर्ट त्याच्यानंतर, जमलं तर दिवसा. तुला पटलं नाही तर फोन कर, भांडू. फक्त रविवारी दुपारी नको, तेव्हा आजोबा झोपलेले असतात.