विमानतळालगतच्या बांधकामाची मोजणी: कोणते को-ऑर्डिनेट घ्यावेत?

विमानतळाच्या परिसरात इमारत उभारायची असेल, तर उंचीच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे जागेचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 या जीपीएसच्या जागतिक संदर्भपद्धतीत आणि जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून द्यावी लागते. सर्वेक्षकाकडे त्याच जागेची तीन प्रकारची मोजणी असू शकते; त्यांतली कोणती वापरायची हे आधीच ठरवलेले बरे.

जुन्या टोपोशीटवरून (भूभागाच्या तपशीलवार नकाशांवरून) वाचलेले आकडे सरळ बाजूला ठेवावेत. त्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर) बेतलेल्या असल्यामुळे महाराष्ट्रात त्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 पासून शंभर मीटरांहून अधिक सरकलेले दिसतात; धावपट्टीच्या थ्रेशोल्डसाठी (विमान उतरण्याजोगा भाग जिथे सुरू होतो त्या रेषेसाठी) तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची अपेक्षा 1 मीटर अचूकतेची आहे.

टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) स्थानिक ग्रिडवर केलेली मोजणी प्लॉटच्या हद्दी आणि सामासिक अंतरांसाठी उत्तम असते, पण एका कोपऱ्याला 1000, 1000 मानून सुरू केलेली ग्रिड विमानतळाशी कशानेच जोडलेली नसते. निदान दोन नियंत्रण बिंदूंचे, म्हणजे मोजणीला आधार देणाऱ्या पक्क्या बिंदूंचे, स्थान जीपीएसने ठरवून घेतले, तरच ती पुढे उपयोगी पडते.

तिसरा पर्याय कॉर्स (सतत चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचे जाळे) किंवा डीजीपीएसवर (संदर्भ केंद्राच्या मदतीने सुधारलेल्या जीपीएसवर) आधारलेल्या यूटीएमचा, म्हणजे मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या जागतिक नकाशा-ग्रिडचा. अहिल्यानगरजवळून जाणाऱ्या 75 अंश रेखांशावर यूटीएममधला एक किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा 40 सेंटिमीटरने कमी भरतो, आणि 78 अंशांपलीकडे, म्हणजे नागपूरला, यूटीएमचा झोन (सहा अंश रुंदीचा पट्टा) 43 चा 44 होतो. त्यामुळे यूटीएम नकाशासाठी ठेवावे आणि अर्जात त्याच निरीक्षणाचे अक्षांश-रेखांश द्यावेत. माझा कौल याच पर्यायाला आहे.

खरा धोका उंचीत आहे. जीपीएस लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची देतो आणि महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साधारण 60 मीटर किंवा त्याहूनही अधिक कमी भरते. तोच आकडा अर्जात गेला, तर जमीन आहे त्यापेक्षा खाली दिसते आणि तेवढीच जास्त उंच इमारत मंजूर होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या खुणेपासून) लेव्हल आणावी. केवळ जिऑइड मॉडेलवर (जीपीएसच्या उंचीवरून समुद्रसपाटीपासूनची उंची काढण्याच्या गणितावर) विसंबू नये.

विमान वाहतुकीत अचूकतेइतकेच महत्त्व आकड्यांच्या अखंडतेला, म्हणजे ते वाटेत न बिघडण्याला, असते. नेहमीच्या माहितीत हजारात एक, आवश्यक माहितीत लाखात एक आणि थ्रेशोल्डसारख्या अतिमहत्त्वाच्या माहितीत दहा कोटींत एक, एवढीच बिघाडाची संभाव्यता चालते. दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजलेला बिंदू हाताने टाइप करताना एक अंक चुकला, तर ती अचूकता वाया जाते. त्यामुळे उपकरणाची मूळ फाइल, बेंचमार्कचा क्रमांक आणि निरीक्षणाची तारीख अहवालासोबत जपावी. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणजे वीस वर्षांत जवळपास एक मीटर. तारखेविना जुने को-ऑर्डिनेट पुन्हा वापरले, तर थ्रेशोल्डला मान्य असलेली सगळी तफावत एवढ्यातच संपते.