विद्यापीठाला देणगी: हयातीत द्यावी की मृत्युपत्रात लिहावी?

‘माझ्यामागे हा फ्लॅट विद्यापीठाला द्यायचा आहे,’ असं निवृत्त माणसं अनेकदा बोलून दाखवतात. मूलबाळ नसलेली किंवा मुलं परदेशात स्थिरावलेली तर हमखास. पण आत्ताच द्यायचा की नंतर, हा प्रश्न तसाच राहतो, आणि खरा फरक तिथेच पडतो.

हयातीतल्या देणगीचं मोठं सुख म्हणजे पैसा कामाला लागलेला आपल्या डोळ्यांना दिसतो. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली आणि आईचं, नाथीबाईंचं नाव त्या विद्यापीठाला मिळालं. दोनच वर्षांनी, 1922 मध्ये ठाकरसी गेले. हयातीत देताना संस्थेशी समोरासमोर बसून अटी ठरवता येतात. संस्थेला मान्यता असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल, तर प्राप्तिकरात वजावटही मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, आणि 2,000 रुपयांच्या वर रोख दिली तर कुठेच नाही. तोटा एकच, पण भारी: दिलेलं परत येत नाही. सत्तरीनंतर एखादं मोठं आजारपण आलं, तर तीच रक्कम आपल्याला हवी असते.

मृत्युपत्रात ही भीती नाही. शेवटपर्यंत घर तुमचं, आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करायलाच सांगेन. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य. करसवलतीच्या आशेनं हा मार्ग धरू नका. ब्रिटनमध्ये मालमत्तेचा किमान 10 टक्के भाग तिथल्या धर्मादाय संस्थांना ठेवला, तर वारसा कर 40 वरून 36 टक्क्यांवर येतो. तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून आपल्याकडेही असंच असेल असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे संपदा शुल्क 1985 मध्येच रद्द झालं, त्यामुळे वाचवण्यासारखा असा करच नाही.

घराच्या बाबतीत मधली वाटही आहे. बक्षीसपत्र करून घर आत्ताच विद्यापीठाच्या नावे करायचं आणि मरेपर्यंत राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवायचा. असं बक्षीसपत्र वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्याची नोंदणी सक्तीची, मुद्रांक शुल्काचा खर्च आहे, आणि पुढे वृद्धाश्रमासाठी घर विकायची वेळ आली तर ते विकता येत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला मी हे सुचवणार नाही.

मृत्युपत्रच करायचं ठरलं, तर काय आणि किती लिहायचं यावर सर्वाधिक विचार करा. ‘पाच लाख रुपये’ असं लिहिलंत आणि पुढे वीस वर्षं जगलात, तर तोवर त्या पाच लाखांची किंमत कितीतरी घटलेली असेल. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 35,000 रुपये व्याज येतं. आज त्यात एका विद्यार्थ्याला थोडा हातभार लागतो, वीस वर्षांनी कदाचित फक्त पुस्तकं येतील. फ्लॅटचं नाव घालून लिहिलंत आणि मधे तो विकलात, तर ते कलमच रिकामं होतं. म्हणून ‘कर्जं आणि इतर देणी फेडून जे उरेल त्यातला अमुक टक्के हिस्सा’ ही भाषा मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

कलम साधं ठेवा. कोलकात्याचे प्रसन्नकुमार टागोर 1868 मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी कलकत्ता विद्यापीठात कायद्याच्या अध्यापकपदाची तरतूद केली होती. त्यातून सुरू झालेली टागोर विधी व्याख्यानं नावाजली. त्याच मृत्युपत्रात, धर्मांतर केलेल्या मुलाला वगळून, पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवणारी कलमंही होती. तो वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1872 मध्ये जन्मालाही न आलेल्या वारसांसाठीची व्यवस्था न्यायालयात टिकली नाही.

संस्थेचं नाव पत्त्यासह लिहा, आणि ‘किंवा तिच्या जागी येणारी संस्था’ हे शब्द जोडा. पुणे विद्यापीठ 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तर मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर 1994 मध्ये झालं. विद्यापीठाला द्यायचं की त्याच्याशी संलग्न महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला, हेही स्पष्ट करा. दोन्ही वेगळ्या आहेत, आणि घाईत लिहिताना हीच चूक जास्त होते.

सगळी मालमत्ता देता येतेच असं नाही. हिंदूंना स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार, वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच. गोव्यात मुलं किंवा आईवडील असतील, तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी विदेशी अंशदान ठरते, तेव्हा संस्थेला ती स्वीकारण्याची परवानगी आहे का, हे आधी विचारा.

मला विचाराल तर मी दोन्हींची सांगड घालीन. पेन्शन सुरू आहे तोवर एका शिष्यवृत्तीपुरता छोटा निधी आत्ताच द्यायचा, म्हणजे संस्था पैसा कसा वापरते, पत्रांना उत्तरं देते की नाही, हे दोन-तीन वर्षं पाहता येतं. पटलं, तर उरलेल्यातला हिस्सा मृत्युपत्रात त्याच निधीला जोडायचा. नाही पटलं, तर संस्थेचं नाव बदलायचं. आणि हे भाऊ-बहिणींना, पुतण्या-भाच्यांना स्वतःच्या तोंडून सांगून ठेवायचं, कारण कपाटातून तो कागद बाहेर काढायचं काम त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी वाट्याला येणार आहे.